जुनी पदे आणि नवा पडदा

कार्तिकी पौर्णिमा उलटली की पेडणे आणि डिचोली या महालांतील देवस्थानांत जत्रांचा जो क्रम लागतो, तो वैशाखात शिरगावच्या लईराईची जत्रा होईपर्यंत थांबत नाही. पालखीची प्रदक्षिणा झाली, आरती-गाऱ्हाणे आटोपले, खाज्याच्या दुकानांवरील गर्दी ओसरू लागली, की देवळापुढील मांडवात पडदा उघडतो. कोठे दशावतारी, कोठे ऐतिहासिक, कोठे संगीत. नाटक पाहणे हा आमच्याकडे देवदर्शनाचाच उत्तरार्ध होय. २०२५ सालच्या माघात पेडणे महालातील अशाच एका जत्रेत, नाटक संपल्यावर, पहाटेच्या चहाच्या वेळी एक वाद ऐकण्याचा योग आम्हांस आला. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच.

नाटक ‘संगीत मानापमान’. करणारी मंडळी गावचीच. धैर्यधराची भूमिका करणाऱ्या तरुणाने एक पद गायिले, ते जुन्या चालीवर नव्हे. त्याच नावाचा चित्रपट १० जानेवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला होता, त्यात त्याने जे ऐकले त्या वळणावर. मांडवातील तरुणांनी टाळ्या वाजविल्या. वडीलधारी मंडळी मात्र नाटक संपेपर्यंत गप्प राहिली, आणि मग चहाच्या पेल्यांबरोबर त्यांचा संताप बाहेर आला. त्यांच्यात एक वृद्ध पेटीवाले होते. अशा कित्येक नाटकांची साथ त्यांच्या बोटांनी केलेली. ते त्या तरुणाला म्हणाले, “तें गायन वेगळेंच आशिल्लें, पुता. हें तें न्हय.” मुलगा धीट होता, पण उद्धट नव्हता. त्याने विचारले, “काका, तुमी बालगंधर्वांक माचयेर आयकलां?” पेटीवाले क्षणभर थांबले व म्हणाले, “ना पुता, प्लेटीर आयकलां.”

वाद तेथे संपला नाही, उलट वाढला. एक पक्ष म्हणे, जुन्या कृतींना हात लावण्याचा अधिकारच कोणास नाही. दुसरा म्हणे, हात लावला नसता तर आम्हांस ही नाटके आहेत हे तरी कळले असते काय? आम्ही स्वतः त्या पहाटे वृद्धांच्या बाजूचे होतो. परंतु पेटीवाल्यांच्या त्या प्रामाणिक उत्तराने आमच्या पक्षाचा पुरावा किती तोकडा आहे हे आमच्या ध्यानी आले. बालगंधर्व १९६७ साली निवर्तले, मास्टर दीनानाथ १९४२ साली, वसंतराव देशपांडे १९८३ साली. यांपैकी एकालाही आम्ही रंगमंचावर पाहिलेले नाही. ज्या ‘मूळ’ कृतीच्या नावाने आपण नव्या कृतीस दोषी ठरवितो, ती मूळ कृती आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे ती तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीतून. कोर्टाच्या भाषेत बोलावयाचे तर आमची साक्ष ऐकीव आहे. मग चित्रपटातले गाणे आखूड आहे, त्यात विस्तार नाही, ही तक्रार आम्ही कोणत्या तोंडाने करावी?

हा वाद केवळ आमच्याच मांडवातला आहे असेही नव्हे. ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट २०१५ च्या नोव्हेंबरात आला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ या १९७७ पासूनच्या चित्रमालिकेचा सातवा भाग बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर प्रदर्शित झाला. जुने चाहते म्हणाले, ही तर १९७७ च्याच कथेची नक्कल. २०१७ साली आठवा भाग आला आणि त्याने वेगळी वाट धरली, तेव्हा पुष्कळ चाहत्यांचे म्हणणे पडले की, हे आमचे ‘स्टार वॉर्स’च नव्हे. जुन्यासारखे केले तर नक्कल, वेगळे केले तर द्रोह. अशा कसोटीवर कोणतीही नवी कृती उतरणे अशक्य. तेव्हा दोष कृतीत शोधण्याआधी कसोटीच तपासून घेणे युक्त ठरेल.

या ठिकाणी आमच्या व्यवसायातील एक साधा नियम उपयोगी पडेल असे वाटते. जुना न्यायनिर्णय पुढील न्यायाधीशास बांधून ठेवतो खरा. परंतु त्या निर्णयपत्रातील प्रत्येक वाक्य बंधनकारक नसते. निर्णय ज्या तत्त्वावर उभा असतो तेवढेच बंधनकारक. बाकीचे प्रासंगिक उद्गार. त्यांचा आदर करावा, पण त्यांनी बांधून घेण्याचे कारण नाही. निर्णयपत्र हाती आले की पहिले काम हेच, की त्यातील तत्त्व कोणते आणि उद्गार कोणते, हे वेगळे करणे. संगीत नाटकाच्या बाबतीत हे काम आम्ही केलेच नाही. आम्ही चालीपासून शेल्यापर्यंत सर्वच बंधनकारक मानले.

मानापमानाचाच इतिहास पाहावा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले. पदांना चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, आणि त्यांतील ठुमरीच्या वळणाचे संगीत मराठी रंगभूमीला नवे होते. म्हणजे आज जी चाल आपण ‘परंपरा’ म्हणून डोक्यावर घेतो, ती जन्मली तेव्हा नवाई होती. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. प्रयोगाच्या त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकिगत महाराष्ट्रास ठाऊक आहे. पुढे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि मानापमान तिच्या वैभवाचा भाग झाले. परंतु ते तेवढ्याच मंडळीचे राहिले नाही. आमच्या मंगेशीस १९०० साली जन्मलेले दीनानाथ मंगेशकर यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली, आणि त्यांनी धैर्यधर उभा केला तो आपल्या तेजस्वी, चपळ, फिरत्या गळ्याने. बालगंधर्वांच्या गायनातील मार्दवाशी त्याचे नाते शोधावे लागते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झाले, तेव्हा बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर होते ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोन मंडळ्या, दोन गायकी, एक नाटक. आणि त्या रात्रीचे वर्णन रसिक शंभर वर्षांनंतरही करीत आहेत.

तर मग यांतील मूळ मानापमान कोणते? टेंब्यांच्या चालीचे, दीनानाथांच्या ढंगाचे, की केशवरावांच्या आवेशाचे? उत्तर असे की, सर्वच. गायकी बदलली, नट बदलले, मंडळ्या बदलल्या, तरी नाटक टिकले. याचा अर्थ ज्या गोष्टी बदलल्या त्या तत्त्व नव्हत. ते प्रासंगिक उद्गार होते.

पेडणेकरांना हे समजावून सांगण्याची वास्तविक गरज नसावी. दशावतारी नाटक त्यांच्या अंगणातले. त्यात पूर्वरंग ठरलेला असतो: गणपती येतो, ऋद्धि-सिद्धि येतात, सरस्वती येते, भटजी येतात, संकासुर येऊन लोकांना हसवितो. मग आख्यान लागते. त्याला लिहिलेली संहिता नसते; कथा पुराणातली, पण संवाद नट जागच्या जागी रचतात. एकाच आख्यानाचे दोन प्रयोग दोन गावी अगदी सारखे कधी होत नाहीत. पण ‘हे मूळ आख्यानासारखे नव्हते’ अशी तक्रार घेऊन देवस्थानाच्या महाजनांकडे कोणी गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. प्रेक्षक विचारतात एवढेच की, आज रंगले काय? काय बांधलेले आहे आणि काय मोकळे आहे, हे आमच्या लोकपरंपरेने शतकांपूर्वी ठरवून टाकले आहे.

तेव्हा संगीत नाटकाचे तत्त्व कोणते? आमच्या मते ते दोन कलमांत सांगता येते. पहिले असे की, पद हे त्या पात्राच्या मुखातून, त्या प्रसंगी, निघाल्यावाचून राहत नाही असे वाटले पाहिजे. गद्य जेथे अपुरे पडते तेथे पद सुरू होते. दुसरे असे की, जो ते पद म्हणतो त्याने ते त्या क्षणी, स्वतःच्या कंठाने, समोरच्या श्रोत्यांपुढे सिद्ध करून दाखविले पाहिजे. श्रोता हा येथे केवळ साक्षीदार नाही. त्याला अधिकार आहे. त्याने ‘वन्स मोअर’ म्हटले तर कथा थांबते आणि पद पुन्हा होते. जगातील फारच थोड्या नाट्यप्रकारांत प्रेक्षकाने एवढी सत्ता बजावली असेल.

या दोन कलमांवर आता दोन्ही चित्रपट घासून पाहू.

‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. नाट्यसंपदेने ते १९६७ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आणले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे. त्यांचे घराणे मंगेशीच्या देवावर अभिषेक करणाऱ्यांचे, वडील कीर्तनकार. म्हणजे या नाटकाचा सूर आमच्याच एका देवळाच्या गाभाऱ्याशी जोडलेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे, आणि सदाशिवाच्या भूमिकेत गोमंतकीय गायकनट प्रसाद सावकार. कथा दोन गायकींच्या संघर्षाची. अभिषेकीबुवांनी ‘घेई छंद’ हे एकच पद दोन घराण्यांसाठी दोन निराळ्या चालींत बांधले. शब्द तेच, पण स्वभाव निराळा. संघर्ष संवादातून सांगण्याची गरज उरली नाही. तो कानांना ऐकू आला. पहिल्या कलमाचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

सुबोध भावे यांनी २०१५ साली त्याचा चित्रपट केला, तेव्हा अभिषेकीबुवांची पदे टाकून दिली नाहीत. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी त्यांच्या शेजारी बसविली. खाँसाहेबांचा आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा, सदाशिवाचा आवाज अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे यांचा. २०१० साली राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणलेच होते; तेव्हा चित्रपटातील गायन तालमीतून आणि प्रयोगांतून तावून आलेले होते. महेश काळे यांना या चित्रपटातील गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या सर्व जमेच्या बाजू.

खर्चाच्या बाजूही आहेत. सचिन पिळगावकरांचा खाँसाहेब डोळ्यांनी पुष्कळ काही सांगतो, पण गातो दुसराच; पडद्यावरचा देह आणि कानांवरचा कंठ यांची गाठ प्रेक्षकाने मनाने बांधावयाची असते. रंगभूमीवर वसंतरावांच्या बाबतीत ही गाठ बांधण्याची वेळच येत नव्हती. उलट पंडितजींच्या भूमिकेतील शंकर महादेवन हे नट म्हणून नवखे. परंतु ते स्वतः गातात, आणि त्यामुळे त्यांचा पंडितजी क्षणार्धात खरा वाटतो. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. शिवाय शेंदुराचे कपटकारस्थान चित्रपटाने इतके ठळक केले आहे की, दोन गायकींमधील वाद काही वेळ गुन्ह्याच्या कथेखाली दबून जातो.

असे असूनही हा चित्रपट मूळ नाटकाच्या पंक्तीस बसतो, असा आमचा अभिप्राय आहे. कारण दुसऱ्या कलमाची भरपाई त्याने एका वेगळ्या मार्गाने केली. कथेतच दरबार आहे, स्पर्धा आहे, निवाडा देणारा राजा आहे. गाणे सिद्ध करावयाचे आहे ते पडद्यावरील श्रोत्यांपुढे. आपण चित्रपटगृहात बसलेले त्या दरबाराच्या मागच्या रांगेत जाऊन बसतो. ‘वन्स मोअर’ आपल्याला म्हणता येत नाही, पण हार-जीत आपल्याही जिवाला लागते.

‘संगीत मानापमान’ या चित्रपटाला ही सोय नव्हती, आणि त्याची अडचण नेमकी येथेच आहे. दिग्दर्शक तेच, संगीतकार तेच, खर्चात हात आखडता घेतलेला नाही. सुबोध भावे यांना या विषयाविषयी आस्था नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. २०११ सालच्या चित्रपटात त्यांनी स्वतः बालगंधर्व साकारले होते. तरीही चित्रगृहातून बाहेर पडताना आम्हांस जे उणे वाटले, ते चालींमुळे नव्हे.

खाडिलकरांचे नाटक हा एक युक्तिवाद आहे. श्रीमंत घरची भामिनी एका निर्धन शूराचा अपमान करते. मग वेषांतर करून वनमालेच्या रूपाने त्याच्याजवळ येते, आणि संपत्ती मोठी की शौर्य, मान कोणाचा आणि अपमान कोणाचा, याचा झाडा पदापदांतून होतो. समोर उभा आहे तो लक्ष्मीधर, पैशाने फुगलेला भित्रा. त्याला हसता हसताच प्रेक्षक धैर्यधराच्या बाजूचे होतात. या खटल्याचा निकाल देणारा नाटकात कोणी नाही. निकाल द्यावयाचा तो मांडवात बसलेल्यांनी. पद रंगले तर पक्ष सिद्ध झाला, ‘वन्स मोअर’ आला तर तो शाबीत झाला. ज्या नाटकाचे न्यायासन प्रेक्षकांत आहे, त्यातून प्रेक्षकच काढून घेतला तर पद निराधार होते. चित्रपटाने ती पोकळी भव्य देखाव्यांनी, युद्धप्रसंगांनी आणि सुमीत राघवन यांच्या चंद्रविलास या खलपात्राच्या कारस्थानांनी भरून काढण्याचा यत्न केला. परंतु हसण्याजोग्या प्रतिपक्षाच्या जागी भिण्याजोगा प्रतिपक्ष आला की वादाचा विषयच बदलतो. संपत्ती विरुद्ध शौर्य हा प्रश्न मागे पडून सज्जन विरुद्ध दुर्जन हा नेहमीचा सामना उरतो. तेथे धैर्यधराला गाण्याने काही पटवून देण्याचे कारण राहत नाही. मग पदे येतात ती अलंकारासारखी. अलंकार सुंदर आहेत, हे आम्ही आनंदाने कबूल करतो.

पडद्याची ही अडचण नवी नाही. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त प्रत्यक्ष बालगंधर्व एकनाथ झाले, आणि रंगभूमीवर हजारो लोकांना खिळवून ठेवणारा तो कलावंत पडद्यावर तसा फुलला नाही. कंठ तोच होता. समोरचे श्रोते नव्हते.

तेव्हा त्या पहाटेच्या वादात निवाडा कोणाच्या बाजूने? पेटीवाले म्हणाले, ‘हें तें न्हय’. ते खरेच आहे, पण त्यांनी दाखविलेले कारण, म्हणजे चाल बदलली हे, टिकणारे नाही. दीनानाथांनी आपला ढंग चालविला, तर पेडण्याच्या एका मुलाने का चालवू नये? मुलगा म्हणाला, जुने तुम्ही तरी कोठे ऐकले? हेही खरेच, पण त्याचे एक विस्मरण झाले. चित्रपटातील ते गायन ध्वनिमुद्रणगृहात निवडून, जोडून सिद्ध झालेले होते. मांडवात तो एकटा उभा होता, आणि त्याच्यापुढे चारशे माणसे जागी होती. त्या माणसांकडे पाहून त्याने पद वाढविले नाही. टाळी आली तरी तो थांबला नाही, एक ओळ फिरवून घेतली नाही, पेटीवाल्याकडे वळून पाहिले नाही. जेवढे ऐकले होते तेवढे म्हणून तो मोकळा झाला. त्याने नवी चाल घेतली हा त्याचा दोष नव्हे. रंगमंचावर असूनही त्याने पडद्यासारखे गायिले, हा दोष.

आणि हा दोष त्याच्या एकट्याचा नाही. पूर्वी संगीत नाटक बसवावयाचे तर दोन-दोन, तीन-तीन महिने देवळाच्या अग्रशाळेत रात्रीच्या तालमी चालत. पेटीवाला पद शिकवी, तबलजी ठेका सांभाळी, आणि शेजारपाजारची मंडळी तालीम ऐकावयास येऊन बसत. म्हणजे नटाला श्रोत्यांची सवय तालमीतच होई. आता नोकऱ्या पणजी-म्हापशास, वेर्ण्याच्या कारखान्यांत. रात्री जमणे कठीण. मुले भ्रमणध्वनीवर पद ऐकतात आणि तसेच पाठ करतात. काही ठिकाणी तर साथीला पेटी-तबला न बसविता मुद्रित वाद्यवृंदच लावतात. मुद्रित साथ कोणासाठी थांबत नाही. गायकाने ओळ पुन्हा घ्यावी म्हटले तर ती पुढे निघून गेलेली असते, आणि प्रेक्षकाने ‘वन्स मोअर’ म्हटले तर त्याला ऐकणारे तेथे कोणी नसते. आम्हांस भीती वाटते ती या साथीची. चित्रपटाची नव्हे.

पेडणे-डिचोलीच्या देवस्थान समित्यांस म्हणून आमची एक विनंती आहे. जत्रेच्या खर्चात रोषणाईसाठी, मांडवासाठी, ध्वनिक्षेपकासाठी रक्कम मांडली जाते. तीत एक ओळ तालमीच्या खर्चाची घालावी. पेटीवाल्यास व तबलजीस महिना-दोन महिन्यांचे मानधन द्यावे, अग्रशाळा रात्री उघडी ठेवावी, आणि जत्रेच्या नाटकात मुद्रित साथ चालणार नाही असा ठराव करावा. चाल कोणती घ्यावयाची याचा ठराव मात्र करू नये. तो गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्यांनी त्या रात्री आपसांत करावयाचा असतो.

त्या पहाटे उजाडू लागले तसे लोक पांगले. जाता जाता पेटीवाल्यांनी त्या मुलाला सांगितलेले आमच्या कानी पडले: जुनी चाल हवी असेल तर घरी ये, आणि येशील तेव्हा ती चित्रपटातली मला एकदा म्हणून दाखव, मी पेटीवर घेऊन पाहतो. तो गेला की नाही, हे आम्हांस कळलेले नाही. पुढल्या जत्रेस आम्ही त्याच मांडवात, शक्य तो पुढच्या रांगेत, बसणार आहोत.